हातभर वायर

दुकानातल्या बाईंनी तो लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि माझा हात वर उडाला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा पोटात जे होतं ते मला भर दुपारी, पांढऱ्या दिव्यांच्या झगझगाटात, सपाट फरशीवर उभं असताना झालं. हातानं परस्पर दोन-अडीच किलोची तयारी करून ठेवली होती. आलं जेमतेम एक किलो. उरलेला जोर हवेत गेला आणि लॅपटॉप हनुवटीवर आपटता आपटता राहिला. "हलका आहे ना?" बाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात चष्मा लोंबत होता आणि सगळी गिऱ्हाइकं अशीच उडतात असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. शेजारी उभी असलेली माझी धाकटी हसली. मीही हसलो.

माझे वडील मालगोदामात वजनकाट्यावर होते. काटा मोठा होता, दरवर्षी तपासला जायचा, पण वडिलांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते आधी स्वतः पोतं उचलून आकडा सांगायचे आणि मग काट्याला बोलायची संधी द्यायचे. ते म्हणायचे, माणूस वस्तू उचलायच्या आधीच तिचं वजन हातात धरून बसलेला असतो. जड निघाली तर फार तर कंबर धरते. हलकी निघाली की माणूस दचकतो. आत जे असायला हवं होतं ते नाही, हे हाताला डोक्याच्या आधी कळतं. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि पुन्हा उचलला. दुसऱ्यांदा हात उडाला नाही. हाताला एवढ्या लवकर सवय लागते, हेही मला आवडलं नाही.

धाकटीला तीन तासांच्या अंतरावरच्या गावी नोकरी लागली होती. कार्टूनच्या सिनेमांत उजेड पाडायची. म्हणजे ससा दुसऱ्याच कोणीतरी काढलेला असतो, तिसऱ्याच कोणीतरी पळवलेला असतो, आणि त्याच्या कानामागून ऊन कसं दिसेल ते आमची धाकटी ठरवते. बायकोनं हे शेजारी "ती लाइटचं काम करते" असं सांगितल्यामुळे दोघांनी घरातली बटणं दुरुस्त करायला तिला बोलावलंही होतं. नोकरीखेरीज तिची स्वतःची एक फिल्म होती. अकरा मिनिटांची, तीन वर्षं चाललेली. पाणी काढून टाकलेला एक पोहण्याचा तलाव, आणि रोज येऊन त्याच्या काठावर शिटी गळ्यात घालून बसणारा एक राखणदार. बस, एवढंच. "तो रिकाम्या तलावाची राखण का करतो?" मी एकदा विचारलं होतं. "त्याला कुणी सांगितलंच नाहीये बाबा," ती म्हणाली होती. त्या तलावाच्या तळाशी पडणाऱ्या सावल्यांना ताकदवान ग्राफिक्स कार्ड लागायचं. ते तिनं स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतलं होतं आणि माझ्या जुन्या, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या धुडात बसवलं होतं. त्या धुडाचा बोर्ड गेला. कार्ड वाचलं. आणि नेमकी त्याच महिन्यात नोकरी लागली.

तेव्हा जाड, दणकट, पोटात स्वतःचंच ग्राफिक्स कार्ड असलेला एक लॅपटॉप घ्यावा आणि सगळं बरोबर घेऊन जावं, असं तिचं म्हणणं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. चूक थोरल्याच्या वेळी झाली होती. थोरला आठ वर्षांपूर्वी गेला तो सगळं घेऊन गेला. टेबल, खुर्ची, टेबलावरचा दिवा, शाळेतल्या वह्यासुद्धा. दोऱ्या मीच बांधून दिल्या. ट्रकवाला म्हणाला, "काका, काही राहिलं नाही ना, बघून या," आणि मी सगळ्या खोल्यांतून हिंडून येऊन अभिमानानं सांगितलं, काही राहिलं नाही. खरंच काही राहिलं नाही. भिंतीत फळीच्या स्क्रूंची चार भोकं राहिली. त्यांच्यासाठी कोण येणार? आता तो दर रविवारी साडेदहाला फोन करतो, दात घासल्यासारखा, न चुकता आणि तेवढाच वेळ. तेव्हापासून माझं असं मत झालं आहे की माणसं माणसांकडे परत येत नाहीत, वस्तूंकडे येतात. माणसं आपली त्या वस्तूंशेजारी बसलेली असतात, म्हणून भेटतात. हे मत मी कुणाला सांगितलं नाही. मी फक्त एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर धाकटीला आकृती काढून दाखवली. एक लहान चौकोन, तो पातळ लॅपटॉप. एक मोठा चौकोन, ती कार्ड लॅपटॉपला बाहेरून जोडायची पेटी. तिच्यात तिचं ग्राफिक्स कार्ड. मधे एक रेघ, ती वायर.

"लॅपटॉप घेऊन हिंडायचं. खांदा मोडत नाही," मी म्हणालो. "ऑफिसचं काम ऑफिसच्या मशीनवर. शनिवारी घरी यायचं, वायर जोडायची की पातळ्याचा पैलवान. फिल्म इथं करायची."

"आणि पेटी मी तिकडेच नेली तर?"

"एका खोलीत तिघीजणी. त्यात पेटी. तुझी ती मैत्रीण तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालेल."

"तू तिला ओळखत पण नाहीस."

"टॉवेल ओळखतो."

ती हसली, आणि मोठ्या चौकोनाकडे बघत राहिली. मी काढताना त्या चौकोनाला नकळत वर एक त्रिकोण जोडला होता, लहान मुलं घर काढताना जोडतात तसा. मी तो पेनानं गिरवून काळा करून टाकला.

दुकानात बाईंनी घात केला. बाईंना यंत्रांतलं कळत होतं, आणि विकणाऱ्याला कळणं हे गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं फार गैरसोयीचं असतं. धाकटीचं काम ऐकून घेऊन त्यांनी खालच्या फळीवरून दुसरा एक काढला, बोटभर जाड. "मॅडम, तुमचं सगळं या एकट्यावर होईल. कार्ड आतच आहे. पेटीची भानगडच नको." बोलणं तिथंच संपायला हवं होतं. धाकटीनं तो उचलला. तिचा हात उडाला नाही. तिनं जेवढं धरलं होतं तेवढंच त्याचं वजन निघालं असावं. मला आत कुठंतरी ट्रकचं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटलं. "हा तापतो," मी म्हणालो. "फार नाही तापत," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांत आतलं सगळं भाजून निघतं," मी म्हणालो, "एकतीस वर्षं यंत्रं उघडलीत मी, बाई. एका कचेरीची साडेचारशे मशीनं." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. "हो का? मग तर तुम्हाला माहीतच असेल," त्या म्हणाल्या. ते काही होकार देणं नव्हतं. काउंटरच्या काचेत धाकटीचा चेहरा दिसत होता. ती लॅपटॉपांकडे बघत नव्हती, काचेतल्या माझ्याकडे बघत होती. मग तिनं तो जाड लॅपटॉप दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तसा खाली ठेवला. "बाबा सांगेल तो," ती म्हणाली.

त्यानंतर मी फार उत्साहानं वागलो. पातळ लॅपटॉपला डाव्या बाजूला दोन पोर्ट होती, दिसायला जुळी. एकाशेजारी बारीक विजेची खूण होती, दुसऱ्याशेजारी नव्हती. पेटी त्या विजेच्या खुणेवरच चालते. दुसऱ्यात वायर नीट बसते, दिवाही लागतो आणि काम काडीचं होत नाही. हे मी धाकटीला तीनदा समजावलं, बाईंना दोनदा, आणि शेजारी छपाईची शाई घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना एकदा. वायरही मीच निवडली. "लांब नाही का?" धाकटीनं विचारलं. "लांब घेतली की वेग पडतो. हातभरच लागते," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. खरं बोलायची संधी मिळाल्यामुळे मला इतकं बरं वाटलं की मी ती वायर बोटांत गुंडाळून, ओढून, सोडून दोन-तीनदा दाखवली. बाई बघत होत्या. कुत्र्याला फिरायला नेणारी माणसं पट्टा असा दाखवतात, हे मला घरी आल्यावर सुचलं.

पेटी तिच्या खोलीत टेबलावर बसवली, पाठ भिंतीला लावून. कार्ड दोघांनी मिळून आत घातलं. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एक फरशीवर पडून कुठं गेला तो गेलाच, म्हणून माझ्या डब्यातला एक काळा लावला, खाली उजवीकडे. धाकटी सात वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर यंत्रं उघडत आली आहे. चारी स्क्रू आधी सैल लावायचे, मग तिरपे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आवळायचे. उघडी खाच कधी उघडी ठेवायची नाही, पट्टी लावायची. लोंबती वायर बांधायची. हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. पेटी सुरू झाली की पंख्यांचा आवाज भिंतीतून माझ्या खोलीत यायचा. मोठं जनावर जेवून आडवं झाल्यावर श्वास घेतं तसा. कार्डाच्या एका पंख्याला दर चार सेकंदांनी टक असा आवाज होता. "बाबा, तो टकटकतोय," पहिल्याच शनिवारी ती म्हणाली. "तेलाचा एक थेंब हवा," मी म्हणालो, "पुढच्या खेपेला आलीस की घालतो." पुढच्या खेपेला मी तेल शोधलं नाही. त्याच्या पुढच्याला तेल सापडलं, सुई सापडली नाही. सुई बायकोच्या डब्यात होती. बायको त्याच खोलीत होती.

दुपारी मी त्या आवाजावर झोपायचो. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण निवृत्तीनंतर मला एवढी शांत झोप कधी लागली नव्हती. भिंतीपलीकडे एक पंप चालू आहे, तो या घरात काहीतरी आत-बाहेर करतो आहे, आणि तो थांबेपर्यंत सगळं ठीक आहे, अशी ती झोप होती. टक. एक, दोन, तीन, चार. टक. मोजता मोजता मी जायचो. कधी आकडा पाचावर गेला तर मात्र खाडकन डोळे उघडायचे. मग कळायचं की धाकटीनं काम थांबवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात चक्कर टाकली आहे.

सहा शनिवार ती नियमानं आली. सातव्याला आली नाही, काम होतं. आठव्याला आली ती घाईत. दार लावून बसली. मग दाराच्या फटीतून डोकं काढून म्हणाली, "बाबा, तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

"कशाला?"

"चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय."

"चष्म्याला बारका लागतो."

"दोन्ही दे ना."

मी दोन्ही दिले. वर डबीत घालून दिले. संध्याकाळी निघताना तिनं पाठीवरची पिशवी स्वतःच उचलली, मला हात लावू दिला नाही. जिन्यात वळून म्हणाली, "पेटीची काळजी घे हं." बायको म्हणाली, "माझी नाही, पेटीची!" तिघंही हसलो. जिन्यातला दिवा गेलेला होता, त्यामुळे कुणाचा चेहरा कसा होता ते सांगता येणार नाही.

त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही. फोन करायची, पेटी बरी आहे का विचारायची. मी पेटी रोज पुसायला लागलो. पुढच्या बाजूला एक बारीक हिरवा दिवा होता, तो चालू ठेवला होता. "अहो, किती पुसाल," बायको म्हणायची, "कातडं निघेल तिचं." मला मात्र काहीतरी खटकत होतं. पेटी गप्प होती, ते तर ठीकच; लॅपटॉप नाही तर ती बोलणार कशी? पण फोनवर धाकटीशी बोलताना मला टक ऐकू यायची. बोलता बोलता मी तिच्या खोलीत जाऊन बघायचो. हिरवा दिवा, बंद पंखे, खुर्चीवर तिची जुनी ओढणी. फोन कानाला असला की टक. फोन खाली ठेवला की नाही. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी गोदामातल्या गाड्या ऐकू यायच्या, घरात बसून. मी बायकोला सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरचा पत्ता मात्र एका चिठ्ठीवर लिहून त्याच ओढणीखाली ठेवला.

वडिलांची आठवण त्या दिवसांत फार यायची. मी बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा माझी हत्यारं, कथील, एक अर्धा जोडलेला रेडिओ, सगळं एका लोखंडी ट्रंकेत घालून त्यांच्या पलंगाखाली सरकवलं होतं. दर शनिवारी मी रेडिओ जोडायला घरी जायचो. दीड वर्षात तो जोडून झाला नाही, यावरून तो किती मन लावून जोडत होतो ते कळेल. एका रविवारी सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीचं दार वाजलं. दारात वडील, खांद्यावर ट्रंक. ती खाली ठेवून म्हणाले, "अकरा किलो. फार नाही." पाणी प्यायले, खिडकीतून खाली बघितलं, "चांगली आहे खोली" म्हणाले आणि परतीच्या बसनं निघून गेले. मला वाटलं, मला घराबाहेर काढलं. माझी शेवटची वस्तूसुद्धा त्यांना पलंगाखाली नको होती. मी महिनाभर रागानं गेलो नाही. मग राग गेला आणि न जायची सवय राहिली. चाळीस वर्षं मी तो प्रसंग लोकांना वडिलांचा कोरडेपणा म्हणून सांगत आलो आहे. रेडिओ त्याच आठवड्यात जोडून झाला होता, हे त्यात सांगायचं राहून जायचं.

चौथ्या शनिवारी ती येणार नाही असं सकाळीच कळलं. दुपारी मी फडकं घेऊन खोलीत गेलो. पेटीच्या वरची, पुढची, बाजूंची धूळ पुसून झाली, धूळ नव्हतीच. म्हटलं, आज खालून पुसू. दोन्ही हात घालून पेटी उचलली आणि हात वर उडाले.

पोटातली पायरी पुन्हा नव्हती. मी पेटी तशीच छातीशी धरून उभा राहिलो. माझा हात वडिलांचा नाही, पण एवढं त्याला कळतं. हिरवा दिवा माझ्या शर्टावर पडला होता. भिंतीकडची बाजू आता माझ्याकडे होती, आणि जिथं कार्डाची तोंडं दिसायला हवीत तिथं कोरी पट्टी होती. धूळ जाऊ नये म्हणून. मी विजेची वायर काढली, पेटी टेबलावर ठेवली. काळा स्क्रू खाली उजवीकडेच होता. चारी स्क्रू सारखे आवळलेले होते. दुसरा कोणी असता तर एखादा तरी कमीजास्त असता. झाकण काढलं. आत कार्ड नव्हतं. रिकाम्या खाचेसमोर वीज देणाऱ्या दोन वायरी लोंबू नयेत म्हणून एकत्र बांधलेल्या होत्या. तिच्या केसांच्या रबरानं. महिनाभर मी हे राखत बसलो होतो, फक्त शिटी तेवढी नव्हती गळ्यात. तिनं पेटी नेली असती तर मला टेबल रिकामं दिसलं असतं. ते दिसू नये म्हणून तिनं केवढी खटपट केली होती. आणि दुकानात, काचेत बघत असताना, तिला कितपत कळलं होतं? सगळंच, असं मला वाटतं. "बाबा सांगेल तो" हे तिनं मला वाढदिवसाची भेट द्यावी तसं दिलं होतं, आणि मी ते जिंकलं असं समजून घरी आणलं होतं.

मी झाकण लावलं. चारी स्क्रू सैल, मग तिरपे. वायर जोडली. हिरवा दिवा लागला. पेटी भिंतीला पाठ लावून जिथल्या तिथं ठेवली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलास का बाबा?"

"जेवलो."

"पेटी बरी आहे ना?"

"बरी आहे. आत्ताच पुसली."

"इतकी नको रे पुसू तिला."

टक. मी थांबलो. तीही थांबली. एक, दोन, तीन, चार. टक. माझे कान ठणठणीत होते. कार्ड तिकडे कुठल्यातरी दुसऱ्या पेटीत चालू होतं.

"कसला आवाज येतोय तिकडे?" मी विचारलं.

"पंखा आहे."

"कुठला?"

"छताचा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात बायकोनं नळ बंद केला. मला वडिलांच्या खांद्यावरचा ट्रंकेचा वळ आठवला. शर्टाच्या गळ्यापाशी, तांबडा. मी तो त्या वेळी पाहिला होता.

"त्याच्या मधोमध एक कागदी गोल असतो," मी म्हणालो. "नखानं सोल. फाडू नकोस, परत चिकटवायचाय. खाली दांडी दिसेल. तिथं मशीनचं तेल. सुईच्या टोकानं, एक थेंब. जास्त नाही."

छताच्या पंख्याला कागदी गोल कुठून आला, असं तिनं विचारलं नाही. तिकडून फक्त पंख्यांचा तो जाड, झोपेतला श्वास येत राहिला.

"बाबा."

"आधी काम बंद कर. थंड होऊ दे. मग घाल."

"आत्ता?"

"आत्ताच. पुढच्या खेपेपर्यंत कशाला थांबायचं?"

तिनं फोन कुठंतरी खाली ठेवल्याचं कळलं. टक. "कधी येतेय म्हणाली?" बायको हात पुसत दारात आली. मी बोट वर करून तिला गप्प राहायला सांगितलं आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार.

पाच.

सहा.